टायग्रिसकाठची छत्री

खजुरांच्या निष्कंप रांगांवर धूसर, पीतवर्ण संधिप्रकाश उतरला होता. बसऱ्याकडे जाणारी टायग्रिस वाहत होती. मंथर, मृत्तिकावर्ण, मौन. या नदीला घाट नव्हता, घाटावर दीप नव्हता, आणि तीरावर खोळंबलेल्या मराठी पलटणीला घरी नेणारी आगबोट नव्हती.

महायुद्ध संपून वर्ष उलटले. गोऱ्या पलटणी आधी गेल्या. परक्या राजासाठी परक्या वाळूत रक्त शिंपणारे सातारी शिपाई त्या ओसाड, विस्मृत तळावर मागे उरले. रिकामे दिवस अंगावर येऊ लागले, तेव्हा त्यांनी पडक्या भट्टीतल्या विटा वाहिल्या आणि आपल्या मृतांसाठी चार खांबांची छत्री उभी केली. गावाकडे ओढ्याकाठी असते, तशी.

आज चौथऱ्यावर चुन्याचा गिलावा चढला होता. ओला, शुभ्र, चंद्रकोमल. त्यात संगिनीच्या टोकाने एकेक नाव उमटत होते. ज्याचा जिवलग गेला, त्यानेच त्याचे नाव कोरायचे, असे ठरले होते.

नाईक तुळाजी शेलार दूर उभा होता. त्याचा धाकटा भाऊ भिवा गेल्या लढाईत, भर पुरात होडी उलटून, याच नदीत नाहीसा झाला होता.

वृद्ध सुभेदार रामोजी जवळ आले.

"तुळाजी, भिवाची जागा राखलीया. गिलावा वाळतोय."

"मढं दिसलं न्हाई, सुभेदारसायेब. नाव कसं घालू?" तुळाजी म्हणाला. "तिकडं गावाला त्याची बायकू सगुणा अजून कुकू लावती. हितं नाव घातलं, की मीच माझ्या हातानं ते पुसल्यागत हुईल."

सुभेदारांनी नदीच्या वळणाकडे बोट केले.

"उद्या आगबोट येतीया. निरोप आलाय. आपण गेल्यावर हितं भिवा व्हता, हे कोन सांगंल?"

उद्या. ज्या शब्दासाठी वर्षभर डोळे शिणले, तो शब्द आज काळजात रुतला. तुळाजीला ती शेवटची होडी दिसली, भिवाची पाठ दिसली, मागे न वळता हलवलेला हात दिसला. "दादा, तुमी मागनं या." एवढेच बोलून गेला होता पोरगा.

तो चौथऱ्यापाशी गुडघे टेकून बसला. संगिनीचे टोक चुन्यात रुतले. अक्षरे वाकडी येत होती. शेवटचा काना ओढताना त्याने डोळे मिटले. आणि समुद्रापलीकडच्या एका कोवळ्या कपाळावरचे आरक्त कुंकू त्या मिटल्या डोळ्यांपुढे हळूहळू मालवले.

सकाळी आगबोट आली.

"सगुणाला काय सांगशील?" बोटीच्या कठड्याशी सुभेदारांनी विचारले.

"आधी प्यायला पानी मागीन," तुळाजी म्हणाला. "तेवढा घोटभर येळ तिचं कुकू ऱ्हाऊ दे. मग सांगीन."

छत्री लहान होत गेली. मग खजुरांत मिसळली. मग खजूरही उरले नाहीत. उरले ते केवळ पाणी, भावाला पोटात घेऊन, आगबोटीच्या सोबतीने, मंद मंद समुद्राकडे निघालेले.