थोडी सूज

“कागदात काय आलंय, शिष्टर?” राहीबाईनं शेणाचे हात धूत विचारलं.

विनोदिनी सिस्टर पाकीट घेऊन सोप्यात उभी होती. महिन्यापूर्वी गावच्या शाळेत शिबिर झालं होतं. बावन्न बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी झाली, नमुन्यांच्या काचपट्ट्या मिरजेच्या इस्पितळात गेल्या. एकट्या राहीबाईच्या पेशी बिघडलेल्या निघाल्या. कॅन्सर अजून झाला नव्हता. आत्ता उपचार घेतले तर टळणार होता. तेच सांगायला विनोदिनी मलकापूरहून आली होती.

पण समोर सासरे आप्पासो पेपर वाचत बसले होते. सतरा वर्षांची नोकरी, तरी पुरुषमाणसासमोर ते शब्द तिच्या तोंडून निघेनात.

“थोडी सूज आहे,” ती म्हणाली. “मिरजेला दाखवून या.”

“आत्ता? ऊस तोडायला आलाय. मे महिन्यात ह्ये रजेवर येत्यात, तवा जाते.”

“लवकर जा,” एवढंच म्हणून, दिलेला चहा पिऊन विनोदिनी निघाली. पुढे दोनदा निरोप धाडला. मग पोलिओच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि ते राहूनच गेलं. मे महिन्यात नवऱ्याची रजा रद्द झाली. सूजच तर आहे, म्हणून राहीबाईही गेली नाही.

अडीच वर्षांनी अंगावरून जायला लागलं, थांबेना, तेव्हा ती मिरजेला गेली. आजार पिशवीबाहेर पसरला होता. लाईट, म्हणजे किरणांचे उपचार, देऊन झाली. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच ठेवा.

त्याच सालात शाळेत पुन्हा शिबिर भरलं. धाकट्या जावेच्या, रेश्माच्या खांद्यावर हात टाकून राहीबाई आली. लुगड्यात नुसती काठी उरली होती. विनोदिनीनं नजर चुकवली.

“शिष्टर, तवा सूजच हुती का वो?”

विनोदिनीनं हातातली वही मिटली. “नव्हती, राहीबाई. आप्पासो बसले होते. मला सांगवलं नाही.”

राहीबाई रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

“मला घरामागं परड्यात न्ह्यायचं हुतं की,” ती हळूच म्हणाली. “मी आले आस्ते.”

राहीबाईनं रेश्माला पुढे ढकललं. “हिचं करा. काय निघंल ते हिला सोताला सांगा, समदं.”

“मला भ्या वाटतंय, आक्का.”

“काय दुकत न्हाई. जा.”

पडद्याआड विनोदिनीचे हात सवयीनं काम करत होते, डोळे मात्र सारखे भरून येत होते. बाहेर रांगेतल्या बायका दबक्या आवाजात बोलत होत्या. कुणीतरी बाकावर सरकून जागा केली.

“बसा की, राहीबाई.”

“बसवत न्हाई गं. तुमी जावा आत, एकेक जावा.”

दुपार कलली, शेवटची बाई तपासून बाहेर आली, तरी राहीबाई चौकट धरून उभीच होती.