लिटल रॉकहून आलेलं विमान

कॉब्स फेरी गावात कॉलेजच्या फुटबॉलला कोच शोधायचा म्हणजे स्थळं बघण्यासारखंच असतं. ज्याच्याकडे निरोप धाडावा तो दुसरीकडे कबूल झालेला असतो, जो हसून हात मिळवतो तो मागच्या दाराने पळतो, आणि ज्याचं नावही कुणी घेतलेलं नसतं तो ऐन वेळी बोहल्यावर उभा राहतो. मोझेल प्रुइटला हे कुणी शिकवायला नको होतं. तिचा नवरा हार्लन असाच उभा राहिला होता.

चौऱ्याहत्तर साली कॉलेजला हवा होता जॉर्जियाचा एक नामांकित माणूस. तो बायकोला घेऊन गाव बघायला आला. बायकोने गाडीच्या काचेतून मेन स्ट्रीट बघितला, कागद गिरणीचा वास घेतला आणि खाली पाऊलसुद्धा टाकलं नाही. गाडी तिथूनच वळली. दुसऱ्याला मोटेलात उतरवला, तर रात्रीत त्याला मोठ्या कॉलेजचा फोन आला आणि तो टोपी खोलीतच टाकून पसार झाला. तिसरा हार्लन. शेजारच्या गावात शाळेतल्या पोरांना फुटबॉल शिकवत होता. कॉलेजचे प्रेसिडेंट स्वतः तिच्या भाड्याच्या घरात आले, तळलेली भेंडी खाल्ली, पीकन पाय या गोड पदार्थाचे दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाले, "हार्लन, सोमवारपासून येशील का?" हार्लनने मोझेलकडे बघितलं. मोझेल म्हणाली, "येईल तो. पायचा अजून एक तुकडा देऊ का?"

झालं. हातात हात दिला की नेमणूक पक्की. ना वकील, ना कागद. मोझेलला अजून त्या संध्याकाळचा सगळा स्वयंपाक आठवत होता. प्रेसिडेंटच्या टायवर पाकाचा थेंब पडलेला, तोसुद्धा.

आता ती एक्क्याऐंशीची. हार्लनला जाऊन अकरा वर्षं झाली होती. आणि आताची ही माणसं! थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी जुना कोच काढला, आणि तेव्हापासून क्लोविसच्या सलूनमध्ये दाढी कमी आणि विमानंच जास्त. नवा कोच लहान खासगी विमानाने येणार, म्हणून तसल्या विमानांचे नंबर फोनवर बघायचे. कुठून उडालं, कुठे चाललं, त्यात कोण असेल. नंबर जुळला की आख्खा गाव धावपट्टीवर पळतो.

त्या शुक्रवारी दुपारी क्लोविस स्वतः तिच्या पायऱ्यांशी आला. कात्री अजून वरच्या खिशात.

"मोझेलबाई, तुम्ही तर गुपचूपच राहिलात की!"

"मी? मी जन्मात कधी गुपचूप राहिले का रे? काय झालं?"

"रॉइस येतोय! लिटल रॉकहून विमान निघालंय. चारला उतरतंय. अर्कान्सासातून दुसरं कोण येणार इथं?"

रॉइस तिचा एकुलता एक. बापाचाच धंदा धरलेला. तीस वर्षांत अकरा राज्यांत राहून झालं, कायम दुसऱ्या कुणाच्या हाताखाली. आता चोपन्नाचा होता, अर्कान्सासातल्या एका कॉलेजात. नाताळला यायचा तेव्हा कानाला फोन लावूनच यायचा नि तसाच जायचा. तो घरी यावा, या गावात राहावा, एवढंच एक मोझेलला हवं होतं, आणि ते तिने कधी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

आणि या कार्ट्याने तिला एक फोन केला नाही! सलूनवाल्याला ठाऊक आणि आईला नाही. पण क्लोविससमोर ती हे कशाला कबूल करते?

"मला माहीत नसणार होय?" ती म्हणाली. "आईच आहे मी त्याची. जा, गाडी घेऊन ये. आणि ती कात्री काढ खिशातून, पोटात घुसेल."

तिने निळा कोट घातला, लिपस्टिक लावली. जाण्याआधी रॉइसच्या खोलीतली चादरही बदलली.

धावपट्टीवर तीनशे माणसं. कॉलेजचा बँड लाल टोप्या घालून उभा. 'घरी स्वागत, कोच प्रुइट' असं रंगवलेलं कापड दोन खांबांना बांधलेलं, रंग ओला होता. मोझेलला लोकांनी पुढे खुर्ची दिली, मांडीवर फुलं ठेवली. ज्या बायकांनी पंचवीस वर्षं तिला चर्चमध्ये नुसती मान हलवून ओळख दिली होती, त्या येऊन गालाला गाल लावून गेल्या. मोझेलने गाल पुढे केला आणि एकेकीचं नाव मनात नोंदून ठेवलं.

टॉलिव्हर गेन्सही आला होता. लाकडाच्या वखारीचा मालक, आणि कोच निवडणाऱ्या मंडळाचा मुख्य. लहानपणी हार्लनच्या हाताखाली खेळलेला, गुडघे एकमेकांवर आपटत धावायचा.

"मोझेलबाई," तो वाकून हळूच म्हणाला, "रॉइसला मी सहापर्यंत वेळ दिलाय. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही. विमानात आहे का तो? तुम्हाला काही बोलला का?"

"तू कोच नेमतोस आणि मला विचारतोस, टॉली?" मोझेल म्हणाली. टॉलिव्हर हसला, पण घड्याळ बघत हसला.

विमान उतरलं. बँड वाजायला लागला. दार उघडलं.

आधी एक ओलं कुत्रं खाली उतरलं. त्याच्यामागे छातीपर्यंत रबरी पँट घातलेले डॉक्टर हेम्ब्री, गावातले दातांचे डॉक्टर, दोन्ही हातांत मेलेल्या बदकांच्या माळा घेऊन. अर्कान्सासात शिकारीला गेले होते. बँड बघून बिचाऱ्यांनी बदकं उंच करून दाखवली. त्यांना वाटलं, कुणीतरी कौतुकच करतंय.

बँडचं एकेक वाद्य गप्प होत गेलं. शेवटी नुसता ढोल राहिला, मग तोही थांबला.

"हे काय?" मागून कुणीतरी ओरडलं. "प्रुइट कुठंय?"

"येणार नाही तो. बापासारखाच! अडीअडचणीला गायब."

"बरंच झालं. अकरा ठिकाणी टिकला नाही, इथं काय दिवे लावणार होता?"

ज्या बाईने गालाला गाल लावला होता, तिने मोझेलच्या मांडीवरची फुलं अलगद उचलून घेतली. चर्चसाठी होतील म्हणाली.

मोझेलच्या कानशिलात जाळ उठला. तीनशे माणसं, आणि पाच मिनिटांपूर्वी याच तोंडांनी... ती खुर्ची धरून उठली.

"ऐका!" ती म्हणाली. आवाज अजून खणखणीत होता. "माझा मुलगा तुमच्या शिट्टीवर धावत यायला काय या डॉक्टरचं कुत्रं आहे? येणार नाही तो! तुमची नोकरी त्याला नको. त्याच्या बापाला तुम्ही कसं वागवलंत ते तो विसरलेला नाही, आणि मी तर नाहीच नाही. दुसरा शोधा!"

टॉलिव्हर गेन्स दोन क्षण तिच्याकडे बघत राहिला, मग फोन काढून गाडीकडे चालू लागला. क्लोविसने तिला घरी सोडलं. दारात एवढंच म्हणाला, "बदकं मात्र मस्त होती, मोझेलबाई."

मागच्या अंगणात चिखलाने माखलेली पिकअप उभी होती. रॉइस स्वयंपाकघरात, तिच्या फ्रीजमध्ये डोकं घालून.

"आई, कुठे होतीस? मी तासभर झालं आलोय. भेंडी नाही का गं?"

"डिसेंबरात भेंडी? अकलेचा कांदा! तू... तू कसा आलास?"

"गाडीने. आठ तास." त्याने ओट्याला टेकून तिच्याकडे बघितलं. बापासारखंच एक खांदा खाली. "फोनवर नव्हतं सांगायचं. गेन्सने मला विचारलंय. सहाच्या आत सांगायचंय. या वयात पुन्हा कुणी विचारणार नाही, आई. मला बाबांच्या जागी एकदा उभं राहायचंय. पण हरलो तर मला काढून टाकतील, मी जाईन दुसरीकडे. तू इथंच राहणार. म्हणून आधी तुला विचारायला आलो."

मोझेलला कोटसुद्धा काढायचं सुचेना. ती तशीच बसली. धावपट्टीवर आपण काय बोलून आलोय ते अजून तिच्या डोक्यात पुरतं शिरलं नव्हतं. समोर मुलगा होता आणि तो तिला विचारत होता. इतक्या वर्षांत त्याने तिला काही विचारलं नव्हतं.

"मग ऐक," ती म्हणाली. "अठ्ठ्याऐंशी साली तू नुकता कॉलेजात गेला होतास, म्हणून तुला कळू दिलं नाही. सात सामने हरलो त्या वर्षी, कोच म्हणून तुझ्या बाबांचं शेवटचं वर्ष ते. एक दिवस सकाळी उठून बघते तर अंगणात पाट्या. 'घर विकणे आहे.' म्हणजे गाव सोडून जा. तेवीस पाट्या, रात्रीत येऊन रोवलेल्या. तुझ्या बाबांनी बघितल्या आणि पुन्हा आत जाऊन बूट काढून बसले. चर्चमध्ये आमच्या बाकावर कुणी बसेना. कॅफेत ते रोज सकाळी जायचे, त्याच टेबलावर, समोरच्या तीन खुर्च्या रिकाम्या. सहा महिने गेले असे. मग म्हणाले, मोझेल, तुझीच अंडी बरी असतात."

रॉइस खाली बघत होता. "तू कधी बोलली नाहीस."

"बोलून काय करणार होते? पाट्या मीच उपटल्या. गाऊनवर." तिने टेबलावर हात आपटला. "तू ये. मला पाट्या उपटता येतात अजून."

रॉइसला हसू आलं, आणि हसताना डोळे भरून आले. त्याने फोन लावला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच झाले होते.

"गेन्स साहेब? रॉइस बोलतोय. माझं उत्तर..."

तो थांबला. ऐकत राहिला. मोझेल त्याचा चेहरा बघत होती.

"नाही, मी कुणाजवळ... हो. हो साहेब. समजलं." त्याने फोन खाली ठेवला, अगदी हळू, काचेचा असल्यासारखा. "दुसऱ्या माणसाला पाचच्या आत सांगायचं होतं. टेनेसीचा कुणी आहे. त्याला हो म्हटलंय त्यांनी. म्हणाले, तुझ्या आईनेच सगळ्यांसमोर सांगितलं, मग मी अजून कुणाला विचारत बसू?"

मोझेलचा हात कोटाच्या बटणावर गेला.

"आई, तू काय म्हणालीस?"

ती खोटं बोलू शकली असती. लोकांवर ढकलू शकली असती, टॉलिव्हरवर, त्या मेल्या बदकांवर. पण दुसऱ्याचं खोटं ती आयुष्यभर तोंडावर फेकत आली होती, आता स्वतःचं कसं गिळणार? तिने सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. कुत्र्याचंसुद्धा.

रॉइस उठला आणि मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसला.

मोझेलने कोट काढला, घडी घातली, उलगडला, पुन्हा घडी घातली. मग तीही बाहेर गेली. गुडघ्यावर हात टेकत त्याच्या शेजारी बसली. ऊन उतरलं होतं. गिरणीचा वास येत होता, तोच तो.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने हार्लनलाही कधी म्हटले नव्हते. "मला वाटलं तू मला विचारलंच नाहीस. त्याचा राग होता. लोकांवर काढला."

"मला जरा रागावू दे, आई."

"रागाव. मी कुठं जात नाहीये."

बराच वेळ तो रागावला. तिने त्याला एकही शब्द ऐकवला नाही, आणि हे सोपं गेलं नाही तिला. धावपट्टीच्या बाजूने पुन्हा बँड ऐकू येऊ लागला. टेनेसीवाला उतरला असणार. तीच टोपीवाली पोरं, तीच धून. कापडावरचं नाव तेवढं पुसलं असेल.

"सकाळी निघतो मी," रॉइस म्हणाला. आवाजातली धार जरा बोथट झाली होती. "एक विचारू? बाबा सुखात होते का गं इथं? चौदा वर्षं? खरं सांग."

दुसरं कुणी विचारलं असतं तर मोझेलने 'हो, राजासारखे' म्हणून तोंड बंद केलं असतं. ती विचार करत राहिली. शनिवारी सामना, तेव्हा हार्लन माणसात नसायचा. रविवारी शनिवारचं दुःख. सोमवार ते बुधवार मध्यरात्रीपर्यंत ऑफिसात.

"गुरुवारी," ती म्हणाली.

"काय?"

"गुरुवारी सुखात असायचे. गुरुवारपर्यंत जे शिकवायचं ते शिकवून झालेलं, आणि हरायला अजून दोन दिवस. चारलाच घरी यायचे. या पायरीवर मोठं पातेलं घेऊन बसायचे, शेंगा उकडायला. मिठात. तू यायचास शाळेतून, दप्तर फेकायचास, आणि दोघं टरफलं त्या तिकडे उडवत बसायचात, कुणाचं लांब जातं बघत. फुटबॉलचं नाव नाही. मी आतून ओरडायचे, झाडणार कोण ते? तर तुझे बाबा म्हणायचे, कोंबड्या झाडतील. आपल्याकडे कोंबड्याच नव्हत्या!"

रॉइस हसला. मग हसता हसता तोंड तळहातांत धरून बसला.

"मला आठवतंय ते," तो म्हणाला. "पण मला वाटायचं रोजच तसं होतं."

"नाही रे," मोझेल म्हणाली. "आठवड्यातून एकदाच."