धुतलेल्या वह्या

यामिनीबाई सावेडीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या, आणि जुना कोरिया म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तिथल्या दरबारात लेखनिक राजाचं बरंवाईट रोज टिपून ठेवायचे, पण राजाला ते वाचायची बंदी होती. बाईही शाईपेनानं रोज वही लिहायच्या. नवरा, अवधूतराव, डोकावला की हसून म्हणायच्या, "महाराज, लांब बसा!" तीस वर्षं ते लांबच बसले.

बाई गेल्या. तेरावं उरकल्यावर अवधूतरावांनी धीर करून वह्यांचं कपाट उघडलं. आपण तिला कसे वाटलो, एवढंच त्यांना वाचायचं होतं. कपाट रिकामं होतं.

मुलगी मनवा ओल्या हातांनी मोरीतून आली. "बाबा, आईनंच सांगितलं होतं. राजा गेला की तिकडे लेखनिकांचे कच्चे कागद ओढ्यात धुवायचे, तशा माझ्या वह्या धू म्हणाली."

ते मोरीत गेले. बादलीतलं पाणी निळं झालं होतं. त्यांनी एक पान उचललं. त्यावर एकही अक्षर उरलं नव्हतं.

"अगं, तिकडे आधी त्यावरून इतिहास लिहून काढायचे, मग धुवायचे," ते म्हणाले. "आमचा कुठं लिहिलाय?"

मनवा रडायला लागली. त्यांनी ते पान पुन्हा बादलीत सोडलं.