लाजू नका, ‘हो’ म्हणा

सन दोन हजार चौदा. शाळा उघडायला पंधरा दिवस होते आणि विजापूर रोडवरच्या एका लहानशा कंपनीत शुभदाची तीन महिन्यांची उमेदवारी संपत आली होती. कंपनीनं शाळांच्या हजेरीचा नवा प्रोग्रॅम केला होता. पण जुना काढल्याशिवाय नवा बसत नव्हता, आणि जुना कुणाच्यानं निघत नव्हता. बार्शीपासून वेळापूरपर्यंतच्या शाळांतल्या कारकुनांचे फोन घेऊन घेऊन मालक गुरुशांत यांचा कान लाल झाला होता.

“काढायची रीत एका कागदावर लिहा,” ते शुभदाला म्हणाले. “कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या माणसानं नुसता कागद वाचून प्रोग्रॅम काढला पाहिजे. तुम्ही मधे सांगायचं नाही. जमलं तर नोकरी पक्की. नाहीतर तुमचा आमचा शरणार्थ, शेवटचा रामराम.”

असा माणूस शुभदाच्या घरातच होता. दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन आली. चंद्रव्वा सातवी पास होत्या, इरकली लुगडं नेसल्या होत्या आणि परीक्षा आपलीच आहे अशा तोऱ्यात खुर्चीत बसल्या.

“‘प्रोग्रॅमच्या नावावर बाण न्या,’” त्यांनी मोठ्यानं वाचलं. नेला. छान नेला. “‘उजवं बटण दाबा.’” त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि बोर्डावरचं उजवीकडचं बटण खट्कन दाबलं. पंखा, दिवा, कॉम्प्युटर, सगळं गप्प.

“गेला की!” चंद्रव्वा म्हणाल्या.

गुरुशांतांनी कपाळाला हात लावला. शुभदानं ‘उजवं’च्या आधी ‘हातातल्या माऊसचं’ लिहिलं.

दुसऱ्या खेपेला गाडी शेवटपर्यंत गेली. पडद्यानं विचारलं, ‘हा प्रोग्रॅम खरंच काढून टाकायचा?’ चंद्रव्वांनी ‘नाही’ दाबलं.

“अहो आत्याबाई!” शुभदाच्या तोंडून निघालंच.

“अव्वा, ‘नाही’ का?” गुरुशांतांनी विचारलं.

“मग? निघालेल्याला लगेच ‘हो, जा’ म्हणायचं व्हय? इतकी वर्सं पोरांची हजेरी घेतली बिचाऱ्यानं. एकदा तरी ऱ्हा म्हणावं की! तुमच्यात पाव्हण्याला असंच घालवतेत?”

गुरुशांत ओशाळले. मोडनिंबचे कारकून धोंडिराम भाऊसाहेब फोनवर हेच म्हणाले होते: “सगळं करतो साहेब, पण शेवटी तो विचारतो तवा मन होत न्हाय.”

“आता शेवटची खेप,” गुरुशांत शुभदाला म्हणाले.

शुभदानं पेन घेतलं आणि खाली दोन ओळी वाढवल्या.

चंद्रव्वांनी वाचलं, “‘प्रोग्रॅम विचारेल, खरंच काढायचा का? लाजू नका, हो म्हणा. त्याला वाईट वाटत नाही.’” मग चष्म्यावरून गुरुशांतांकडे बघितलं. “खरंच न्हाय न्हवं वाटत?”

“नाही वाटत अव्वा, शप्पथ,” गुरुशांत म्हणाले.

“ये बाबा,” म्हणत चंद्रव्वांनी ‘हो’ दाबलं. प्रोग्रॅम गेला.

शुभदाची नोकरी त्याच दिवशी पक्की झाली. आज कंपनीचे सगळे कागद तीच लिहिते. गुरुशांतांनी नंतर दोन मजली ऑफिस बांधलं. तिथल्या बोर्डावर प्रत्येक बटणाखाली नाव लिहिलेलं आहे. धोंडिराम भाऊसाहेबांनी कागद वाचून एका दमात जुना प्रोग्रॅम काढला, आणि निवृत्तीच्या दिवशी तोच कागद घडी करून घरी नेला.

चंद्रव्वांकडे आता स्वतःचा फोन आहे. त्यात एकशे चार अ‍ॅप आहेत. जागा नाही म्हणून तो रोज कुरकुरतो. “आत्याबाई, कागद वाचा की,” शुभदा म्हणते.

“त्यो लोकांसाठी लिवलास,” चंद्रव्वा म्हणतात. “ही घरची हायत.”