ऐकल्याची नोंद

लोखंडी कपाटामागे हात घालून तंत्रज्ञ मुलीनं राउटर ओढून काढला. त्याच्यासोबत धुळीचा एक गोळाही बाहेर आला.

"काकू, हा इथं कोणी ठेवला?"

"मीच. समोर बरा दिसत नव्हता."

"लोखंडाच्या आड ठेवलात, तर वायफाय बिचारं जाणार कुठून? त्यात तेवीस यंत्रं जोडलीयत."

दिवे, पंखे, कॅमेरे, दाराची घंटा, टीव्ही. वडिलांच्या आजारपणानंतर परगावच्या लेकीनं काळजीपोटी एकेक करत सगळं बसवून घेतलं होतं.

काकूंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काका खिडकीशी पाठमोरे बसले होते. घाऊक बाजारात लिलाव पुकारण्यात त्यांची हयात गेली होती. आवाज चार गल्ल्या ओलांडून जायचा. पक्षाघातातून हात-पाय वाचले, जीभ तेवढी अडकली. वाचा सुधारायला येणाऱ्या बाईंनी युक्ती सांगितली होती: टेबलावरच्या बोलक्या डबीला "दिवा लाव" म्हणायचं. दिवा लागला, तर शब्द नीट उमटला असं समजायचं.

पहिले काही दिवस लागला. मग एकदा लागे, चारदा न लागे. डबी गोड आवाजात म्हणे, "माफ करा, जमलं नाही." गेल्या मंगळवारी काकांनी ती उपडी करून ठेवली आणि तेव्हापासून तोंडातून शब्द काढला नव्हता. दोष यंत्राचा की जिभेचा, याचा एकदा सोक्षमोक्ष लागावा म्हणून काकूंनी या मुलीला बोलावलं होतं. जिभेचाच निघाला तर काय, इथपर्यंत विचार आला की त्या उठून कामाला लागत.

मुलीनं राउटर मधल्या खोलीत उंचावर टांगला, टीव्हीला तार जोडली, बिनकामाची सहा यंत्रं काढून टाकली. मोबाइलवरून आतला दिवा लावून पाहिला, लागला. मग डबी सुलटी केली आणि तिची नोंद उघडली.

"काकू, हे बघा. हिनं जे जे ऐकलं, ते इथं लिहिलेलं राहतं."

काकूंनी चष्मा लावला. मंगळवार. दिवा लाव. दिवा लाव. दिवा लाव. अकरा वेळा, एकही अक्षर न चुकता. प्रत्येकापुढे एकच शेरा: दिव्याशी संपर्क नाही. बाराव्या ओळीत होतं: गाढवा, दिवा लाव.

"डबीला वायफाय कसंबसं मिळत होतं, कोपऱ्यातल्या दिव्याला नाही," मुलगी म्हणाली. "हिनं बरोबर ऐकलं. निरोप पुढे गेला नाही, एवढंच."

काकूंनी मोबाइल काकांच्या हातात दिला. ते बराच वेळ वाचत राहिले. बाराव्या ओळीशी त्यांचे खांदे हलायला लागले. काकू घाबरून वाकल्या, तर ते हसत होते.

मुलगी पिशवी भरून निघाली, तेव्हा काकांनी हात वर करून तिला थांबवलं.

"ना... नाव?"

तिनं सांगितलं. लांबलचक, जोडाक्षरांचं नाव होतं. काकांनी ते म्हणायला घेतलं आणि मधेच अडखळले. राहिलेलं अक्षर काकूंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि मुलीच्या पिशवीच्या बंदाकडे पाहत उभ्या राहिल्या.

काकांनी श्वास घेतला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.