ब्रेकवर वाजणारा हॉर्न

चंद्रपूरच्या चौकात हॉर्न नेमका कुणाचा वाजतोय, याचा शोध घ्यायच्या भानगडीत कुणी पडत नाही. म्हणूनच मन्सूरभाईच्या गॅरेजातून निघालेली दिव्यानीची गाडी प्रत्येक सिग्नलला बोंबलत राहिली, तरी तिला वाटलं की मागचा ट्रकवालाच घाई करतोय. तिनं आरशात पाहून त्या बिचाऱ्याला मनातल्या मनात झापलंही.

दिव्यानी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात तंत्रज्ञ होती. घुग्घुसच्या कोळशाच्या ट्रकांपुढे गाडीचा जुना हॉर्न कुणाच्या कानावरही जाईना, म्हणून सर्व्हिसिंगला टाकताना तिनं नवा, दणदणीत हॉर्न बसवायला सांगितलं होतं. दिवाळीनंतरची गर्दी होती आणि मन्सूरभाईनं एकाच वेळी चार गाड्यांत हात घातला होता. दणदणीत म्हटलं होतं तर दणदणीतच बसवला, एवढं मात्र कबूल करायला हवं.

खरा प्रकार कळला तो मूलच्या रस्त्यावर, जंगल लागल्यावर. समोरून चितळांचा कळप रस्ता ओलांडत होता. दिव्यानीनं ब्रेक दाबला आणि जो काही आवाज झाला, त्यानं चितळं चहूकडे उधळली. नेमकी तिथंच हॉर्न वाजवू नये अशी वनखात्याची पाटी. तिनं पाय उचलला, आवाज थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच.

"काऊन वं, मुक्या जनावरायले काऊन भेववून राह्यली?" शेजारी बसलेली तिची आई, भागीरथाबाई, म्हणाली.

"मी नाई वाजवून राह्यली, माय. ब्रेक मारला का आपोआप वाजते."

भागीरथाबाईंनी हनुवटीला बोट लावून थोडा विचार केला. "दर खेपी?"

"दर खेपी."

"बरं," म्हणून त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या.

मूलला फोनला रेंज आली तेव्हा दिव्यानीनं मन्सूरभाईला असं फैलावर घेतलं, की पलीकडून नुसतं "या अल्ला, या अल्ला" ऐकू येत राहिलं. "ताई, हॉर्नची वायर ब्रेकच्या दिव्याच्या वायरीले लागली असंल. गलती माझीच आहे. फ्यूज काढाल तं मागचे दिवेच जाईन. गाडी वापस आणा, अर्ध्या घंट्यात करून देतो."

वापस? दिव्यानीनं आईकडे पाहिलं. आज गाडी मागं वळली असती, तर आई पुन्हा या रस्त्यानं आली नसती.

कारण त्या चालल्या होत्या चिचहेटीला, आईच्या माहेरी. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते, रात्री नाटक होतं आणि लेकीबाळी माहेरी येतात. भागीरथाबाई मात्र जाणं बंद करून बसल्या होत्या. मागं एका मंडईला त्यांच्या धाकट्या भावानं, गुणवंतरावांनी, बायकोच्या माहेरच्या पाहुण्यांना नाटकात पुढच्या खुर्च्या दिल्या आणि सख्ख्या बहिणीला मागं सतरंजीवर बसवलं. "ती तं घरची आहे, घरच्याले काय खुर्ची," असं वर म्हणालेही. भागीरथाबाई पहिल्या अंकातच उठल्या. तेव्हापासून त्यांचं म्हणणं, त्यानं बोलवावं. त्याचं म्हणणं, माहेरी यायला बोलावणं कशाला लागतं? दोघंही एकाच आईच्या पोटची, त्यामुळे कुणी हटेना. आणि आई दरवर्षी मंडईच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून दिवसभर झोपून राही, हे दिव्यानीला पाहवत नसे. यंदा कशीबशी तयार झाली होती, तीही एका अटीवर. गाडी गावातून नुसती काढायची, घराकडे एक नजर टाकायची, थांबायचं नाही, उतरायचं नाही.

"वापस नाई येत," दिव्यानी फोनवर म्हणाली. "मी चिचहेटीले चालली."

"ब्रेक तं बराबर लागते ना?"

"लागते. वाजूनच लागते."

"मंग मीच येतो गाडीवर. पत्ता पाठवा."

पुढं सावलीच्या बाजारात त्यांच्या गाडीपुढं लोक असे बाजूला झाले, की आमदार आल्याचा भास व्हावा. भागीरथाबाईंना हसू आवरेना. कित्येक दिवसांत आई इतकी हसली नव्हती, आणि दिव्यानीचा मन्सूरभाईवरचा अर्धा राग तिथंच उतरला.

चिचहेटीत शिरताना तिनं वेग आधीच कमी केला, ब्रेकला पायच लावायचा नाही म्हणून. मामाचं घर आलं. आई पदर डोक्यावर ओढून ताठ बसली होती. गाडी दारासमोरून पुढं सरकणार, एवढ्यात आई किंचाळली, "कोंबडी! कोंबडी! ब्रेक मार!"

दिव्यानीनं दाबला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा हॉर्न वाजला, आणि गाडी दारातच बंद पडली.

गुणवंतराव फाटकातून बाहेर आले. "आली तं! अन् दारात हॉर्न मारून मारून बोलावते मले."

संपलं, दिव्यानीला वाटलं. आता आई म्हणणार, मी नाही वाजवला, गॅरेजवाल्याची चूक आहे, आणि पुन्हा तेच सुरू.

पण भागीरथाबाई शांतपणे म्हणाल्या, "आलास ना बाहेर? मंग झालं."

"उतर."

"कोण म्हणून उतरू? घरची का पाहुणी?"

गुणवंतरावांच्या मिशा थरथरल्या. "दोन्ही," ते म्हणाले. "उतर वं बाई. डोळे लागले माह्ये रस्त्याले." आणि त्यांनी स्वतः दार उघडलं. मग दोघं रस्त्यातच एकमेकांना धरून रडली. मामी आतून कानोल्यांचं ताट घेऊन धावत आली.

मन्सूरभाई दुपारी पोचला, धुळीनं माखलेला. हेल्मेट काढायच्या आधीच मोठ्यानं सुरू झाला, "माफ करा ताई, तो हॉर्न..." दिव्यानीनं झेप घेऊन त्याला गाडीमागं ओढलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. चुकून वाजला हे मामाला कळता कामा नये. मन्सूरभाईनं कानाला हात लावला.

तेवढ्यात गुणवंतराव पाण्याचा लोटा घेऊन आले. इकडंतिकडं पाहून हळूच म्हणाले, "ब्रेकीच्या वायरीले लागला, नाई का? जलमभर ट्रॅक्टर चालवला मी. पोरीचे दोन्ही हात स्टेरिंगच्या कडेले अन् भोंगा चालू, मले तवाच समजलं. पण बाईले, तुह्या मायले, सांगू नोको. तिनं मले बोलावलं, असंच राहू दे."

दिव्यानीनं विचारलं, "मामा, समजलं होतं तं बाहेर काऊन आले?"

"भोंगा आयकून कुठी आलो? आधीपासूनच फाटकाच्या आड उभा होतो. दर मंडईले असतो." एवढं बोलून ते घाईघाईनं आत गेले, कारण त्यांचे डोळे पुन्हा भरले होते.

वायर जागेवर गेली. मन्सूरभाईला जेवल्याशिवाय कुणी सोडलं नाही. ऊन उतरलं तसे गुणवंतराव एक खुर्ची डोक्यावर घेऊन मंडपाकडं निघाले. पुढची जागा आत्ताच धरायला हवी, नाहीतर कुणीतरी बसेल म्हणाले. भागीरथाबाई ओट्यावरून त्यांच्या पाठीकडं पाहत होत्या.

"माय," दिव्यानी जवळ बसत म्हणाली, "थे कोंबडी कुठी होती वं? मले तं नाई दिसली."

"तुले कशी दिसंन? तू समोर पाहून राह्यली होती," भागीरथाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "फाटकाच्या आड उभी होती. मिशावाली."