सही करणारा आधी बसतो

“साहेब, तुम्ही विमान नाही, नुसता रंग विकत घेताय!” म्हाताऱ्या मेकॅनिकने भर हँगरमध्ये खरेदी खात्याच्या साहेबांना सुनावलं.

डोंगरातल्या आखूड धावपट्टीसाठी दोन इंजिनांचं हे जुनं विमान पसंत झालं होतं. ते जन्मभर कोरड्या मुलखात उडालं, असं कागद सांगत होते. मेकॅनिकने मात्र नवाकोरा गालिचा उचलून खालची फळी काढली होती. आतला पत्रा समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने खाल्लेला, बोट लावताच पापुद्रे सुटत होते. बडा घर, पोकळ वासा!

“काका, करा की सही. उडवणार तुमचीच लेक, जपून उडवेल,” साहेब हसले.

“लेक जपेल हो. पत्र्याला कोण सांगणार जपायला?”

हँगरमध्ये त्यानेच घातलेली एक रीत होती: विमान पास करून सही करणाऱ्याने पहिल्या उड्डाणात बसायचं. चाळीस वर्षं तो मुकाट बसत आला होता. आज पहिल्यांदाच त्याने पेन दुसऱ्यापुढे धरलं.

“सही तुम्ही करा, साहेब, आणि लेकीच्या शेजारी बसा. बसताय का? हो की नाही, ते इथेच, सगळ्यांसमोर सांगा!”